हेडमध्ये तुटलेला मॅनिफोल्डचा बोल्ट: हेड न उतरवता कसा काढायचा

भाऊ, इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमची अडचण आधी थोडक्यात मांडतो. ४५ एचपीचा, ३ सिलिंडरचा ट्रॅक्टर, हेड (सिलिंडरवरचं झाकण) बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करून बाहेर नेणाऱ्या हेडवरच्या नळीचं, गॅस्केट फुटलं म्हणून मॅनिफोल्ड खोलायला घेतलात. बाकीचे बोल्ट निघाले, पण रेडिएटरकडचा शेवटचा, १० एमएमचा बोल्ट १७ च्या पान्यावर जोर देताना तुटला. आता तो हेडच्या तोंडाशी सपाट आहे, पकडीत धरायला काहीच उरलेलं नाही. एकाने इझी-आउटचा (तुटलेल्या बोल्टात भोक पाडून त्यात अडकवून उलटा फिरवायच्या हत्याराचा) सेट आणून दिलाय, दुसरा म्हणतोय हेड उतरवा. साखर कारखाना सुरू झालाय आणि ऊसतोडीची टोळी फडात बसून आहे.

तर पहिलं सांगणं: तो इझी-आउट सध्या पेटीतच राहू द्या आणि हेडला हात लावू नका. बिडाच्या हेडमधला १० एमएमचा बोल्ट जागेवरच निघतो. फलटण-बारामती पट्ट्यात उसाच्या ट्रॅक्टरांवर काम करताना मी असे बोल्ट दर हंगामात काढतो. हेड उतरवावं लागलं ते बहुतेक वेळा बोल्टामुळे नव्हे, तर बोल्ट तुटल्यानंतर घाईत केलेल्या दुसऱ्या चुकीमुळे. तुमच्याकडे ती दुसरी चूक अजून झालेली नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

बोल्ट तुटला की मी आधी विचारतो, तो तुटला कसा? आवळताना तुटला असेल, किंवा हादऱ्याने चालता चालता तुटला असेल, तर आत राहिलेला तुकडा बहुधा मोकळाच असतो. डोकं गेलं की त्याच्यावरचा ताणही जातो. असा तुकडा कधी कधी टोकदार पंचाने कडेवर हलके ठोके देत उलटा फिरवला तरी बाहेर येतो. पण खोलताना तुटला, म्हणजे आटे गंजून जाम होते आणि जाम आट्यांनी बोल्टाच्या ताकदीवर मात केली. तुमचा हा दुसरा प्रकार. तुटलेलं तोंड बॅटरीच्या उजेडात बघा. पिळ पडल्यासारखं, गोल गोल ओढलेलं दिसत असेल तर तो पिळानेच तुटलाय. अर्ध्या भागावर जुना काळा डाग आणि उरलेल्या भागावर ताजी चकाकी दिसली, तर बोल्टाला आधीपासून चीर होती आणि तुम्ही फक्त शेवटचा धागा तोडलात. तसं असेल तर आनंदच, कारण मग आटे तितके घट्ट नसण्याची शक्यता असते.

शेवटचाच बोल्ट का तुटतो, हेही समजून घ्या, पुढे बसवताना उपयोगी पडेल. बीड दर अंशाला मीटरमागे सुमारे ११ मायक्रॉन वाढतं. दोन ट्रॉल्या ओढताना मॅनिफोल्ड हेडपेक्षा सहज ४०० अंश जास्त तापतो. मॅनिफोल्ड ४० सेंटीमीटर लांब धरला, तर हेडच्या तुलनेत तो पावणेदोन मिलिमीटर लांबतो. मधले बोल्ट जागेवर राहतात आणि सगळी ओढाताण दोन्ही टोकांच्या बोल्टांवर येते. प्रत्येक खेपेला तापणं, ताणणं, थंड होऊन परत येणं. त्यात गॅस्केट फुटलं की गरम धूर थेट त्याच बोल्टावर बसतो आणि आटे जळून खवले धरतात.

आता काम. रात्रीच बोल्टाभोवती तारेचा ब्रश मारून गंज काढा आणि गंज सोडवणारं पातळ तेल टाका. डब्ल्यूडी-४० चालेल, त्याहून चांगलं जाम आट्यांसाठीचं खास पेनिट्रेटिंग ऑइल. दोन-दोन तासांनी थोडं थोडं टाका आणि प्रत्येक वेळी बोल्टाच्या मध्यावर पंच ठेवून पाव किलोच्या हातोडीने दहा-बारा ठोके द्या. जोरात नको. ठोक्याने गंजाच्या थरात बारीक भेगा पडतात आणि तेल आत शिरतं. नुसतं तेल ओतून ठेवलं तर ते बाहेरच चकाकत बसतं.

सकाळी वेल्डिंग. माझा यावर सगळ्यात जास्त विश्वास आहे, कारण इथे बोल्ट काढण्याचं खरं काम उष्णता करते, नट फक्त पकडायला असतो. बोल्ट लाल होतो तेव्हा तो फुगायला बघतो, पण भोवतीचं थंड बीड त्याला फुगू देत नाही. मऊ झालेला बोल्ट आतल्या आत दाबला जातो आणि थंड होताना आधीपेक्षा केसभर बारीक होतो. तेवढ्याने गंजाची पकड सुटते. पूर्ण हेड तापवून हा फायदा मिळत नाही, कारण बीड आणि पोलाद जवळजवळ सारखंच फुगतं. फक्त बोल्ट तापला पाहिजे.

वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही केबल काढा, अल्टरनेटरची वायर सोडा. गाडीवर इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असेल तर त्याचा कनेक्टरही काढा. अर्थचा चिमटा हेडलाच, बोल्टाच्या जितक्या जवळ लावता येईल तितक्या जवळ, घासून चकचकीत केलेल्या जागी लावा. चासीला किंवा मागच्या ट्रेलरच्या हुकाला चिमटा लावला, तर करंट क्रँकच्या बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंगवर डाग पाडतो. डिझेलच्या नळ्या आणि रबरी होज ओल्या गोणपाटाने झाका. रात्री टाकलेलं तेल कापडाने आणि हवेने पुसून टाका, नाहीतर पहिल्याच ठिणगीला भडका होतो. जवळ पाण्याची बादली आणि माती ठेवा. डोळ्यांवर काच हवीच, तुमच्याही आणि शेजारी उभ्या असलेल्या पोराच्याही.

सीओटू (गॅस आणि तारेचं) वेल्डिंग मिळालं तर उत्तम. ते नसेल तर २.५ मिमीच्या ६०१३ रॉडवर ८० ते ९० अँपिअरने काम होतं. आधी बोल्टाच्या मध्यावर एक टाका द्या, छोटा गोळा उभा करा. वेल्डवर जमलेला पापुद्रा छिन्नीने उडवा आणि त्यावर ८ मिमी भोकाचा जाड वॉशर ठेवा. भोक बोल्टापेक्षा लहान असल्याने हेडचं बीड झाकलं जातं आणि वेल्ड बोल्टालाच धरतो. हे महत्त्वाचं आहे, कारण वेल्ड बिडावर सांडला तर तिथलं बीड काचेसारखं कडक होतं आणि पुढे ड्रिल लागत नाही. वॉशर आतून वेल्ड करून घ्या. पुन्हा पापुद्रा काढा. मग १२ एमएमचा नट वर ठेवून त्याचं पोट तळापासून भरा. नटावरचा जस्ताचा मुलामा आधी कानशीने किंवा ग्राइंडरने काढून टाका. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री ताप भरतो आणि वेल्डमध्येही भोकं पडतात.

भरून झालं की लगेच पाना लावू नका. इथे बहुतेक लोक चुकतात. लाल असताना वेल्ड मऊ असतो, पिळला की तुटतो. लाली पूर्ण जाऊ द्या, मिनिट-दीड मिनिट थांबा, पण हात लावण्याइतकं गारही होऊ देऊ नका. पाणी मात्र कधीही टाकू नका, बिडाला चीर जाते. अशा कोमट-गरम अवस्थेत मेणबत्ती नटाच्या बुडाशी टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. एकेकाळी मला हे म्हाताऱ्या मेकॅनिकांचं वेड वाटायचं. करून बघितल्यापासून पेटीत मेणबत्ती असतेच.

मग रिंग पाना घालून आधी आवळायच्या दिशेने अगदी थोडा जोर द्या. बोल्ट हलल्याचं हाताला कळतं, कधी टक असा आवाज येतो. त्यानंतर उलट. पाव फेरा मागे, थोडा पुढे, तेल, पुन्हा मागे. एकाच दमात सरळ बाहेर ओढायला गेलात तर गंजाचा चुरा आट्यांत अडकून परत जाम होईल. नट पहिल्यांदा तुटून हातात आला तर निराश होऊ नका. पुन्हा वॉशर, पुन्हा नट. प्रत्येक वेळी बोल्ट तापून थंड होतोय, म्हणजे काम पुढेच सरकतंय. दोनदा-तीनदा करावं लागणं अगदी नेहमीचं आहे, माझा एक बोल्ट पाचव्या नटाला निघाला होता.

आता इझी-आउटबद्दल, कारण तो तुमच्या हाताशी आहे आणि मोह होणारच. गणित साधं आहे. पिळ सोसण्याची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. तुमचा बोल्ट आट्यांच्या तळाशी सुमारे ८.२ मिमी होता आणि तो पिळून तुटला. त्यात भोक पाडून जो इझी-आउट घालणार, तो असेल फार तर साडेचार मिमी. तेवढ्या जाडीला जुन्या बोल्टाच्या सहाव्या हिश्श्याइतकीच ताकद येते. इझी-आउटचं पोलाद दुप्पट-अडीचपट मजबूत धरलं, तरी बोल्टाच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाही. जे आटे जाड बोल्टाला सुटले नाहीत, ते याला कसे सुटतील? वरून निमुळता पिळदार इझी-आउट जितका फिरवाल तितका पाचरीसारखा आत घुसतो आणि बोल्टाची पोकळ भिंत बाहेर रेटून आटे आणखी घट्ट करतो. शेवटी तुटतो. तो तुटला की आत कडक पोलादाचा तुकडा राहतो, त्याला साधं ड्रिल ओरखडासुद्धा काढत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. १९९९ च्या हंगामात, हाताखाली शिकत असताना, वस्ताद जेवायला गेलेले बघून मी एका ट्रॅक्टरच्या हेडमध्ये इझी-आउट तोडला. घाबरून तो ठोकून काढायला गेलो, तर भोकाची कडच उडाली. हेड उतरवून टूलरूमला न्यावं लागलं, तिथे स्पार्क इरोजन मशीनवर (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या) इझी-आउट जाळून काढला, भोक मोठं करून बुश, म्हणजे पोकळ नळी, बसवला. सहा दिवस गेले. ट्रॅक्टरवाल्याने त्या सहा दिवसांच्या खेपा दुसऱ्याच्या गाडीवर बघितल्या आणि एक शब्द बोलला नाही. त्याचा तो चेहरा मला अजून आठवतो. म्हणून सांगतो, इझी-आउट मोकळ्या तुकड्यासाठी आहे, आवळताना तुटलेल्या बोल्टासाठी आहे. गंजून बसलेल्याला लावायचाच असेल, तर वेल्डिंगने एकदा तापवून झाल्यावर, आणि तोही सरळ धारांचा. हाताला स्प्रिंगसारखा लवतोय असं जाणवलं की तिथेच थांबा.

वेल्डिंगने नाहीच निघाला, तर ड्रिलिंग. यात सगळं यश मध्य साधण्यावर आहे. हातमशीनने अंदाजाने मध्य धरायला जाल तर अर्धा-एक मिलिमीटर चुकणारच, आणि १० एमएमच्या बोल्टात तेवढ्याने एका बाजूचे आटे जातात. यासाठी मॅनिफोल्डचाच साचा करा. मॅनिफोल्ड बाकीच्या बोल्टांवर परत बसवा. तुटलेल्या बोल्टासमोरच्या भोकाचं माप व्हर्निअरने घ्या आणि टर्नरकडून त्यात चपखल बसेल असा बुश करून घ्या, मध्ये ४ मिमीचं भोक ठेवून. टोकाचं भोक वाढीसाठी मुद्दाम मोठं किंवा लांबट ठेवलेलं असतं, त्यामुळे माप घेतल्याशिवाय बुश करू नका. लांबट असेल तर गॅस्केटवरून आखून जाड पट्टीत भोक पाडा आणि ती पट्टी शेजारच्या बोल्टाने धरा. लेथवर दहा मिनिटांचं काम आहे, त्यासाठी गावात जाऊन यायला कंटाळू नका.

बुशमधून ४ मिमीचं भोक, मग बुश काढून ६, मग ७.५. कोबाल्टचं ड्रिल घ्या, साधं एचएसएस चालेल पण धार वारंवार लावावी लागेल. वेल्डिंग झालेल्या बोल्टाचं तोंड कडक झालेलं असतं, ते आधी ग्राइंडरने सपाट करा. वेग कमी, दाब पक्का, थेंब थेंब तेल. ड्रिल नुसतं घासत फिरलं तर पोलाद आणखी कडक होतं. उलट्या पिळाचं ड्रिल मिळालं तर तेच वापरा, मशीन उलटं फिरवून. अनेकदा भोक पाडता पाडताच बोल्ट ड्रिलला धरून बाहेर येतो. आतला बोल्ट किती लांब आहे ते शेजारच्या निघालेल्या बोल्टावरून मोजा आणि ड्रिलवर तेवढ्या खोलीला टेप गुंडाळा. काही हेडमध्ये या भोकांच्या पलीकडे लगेच पाण्याची जागा असते.

शेवटी ८.२ पर्यंत गेलात की बोल्टाची पातळ साल उरते. टोकदार छिन्नीने एका जागी ती आत वळवा आणि चिमट्याने ओढा, आट्यांची तार स्प्रिंगसारखी उलगडत बाहेर येते. मग १०×१.५ चा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) हाताने फिरवा. मात्र पीच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, आधी तपासा. जुन्या पर्किन्स (ब्रिटिश कंपनी) घराण्याच्या इंजिनांत इंची आटे येतात. ३/८ यूएनसीला (इंची जाड आट्यांचं माप) इंचाला १६ आटे, म्हणजे पीच जवळपास १.५९ मिमी. तिथे मिलिमीटरचा टॅप दोन फेरे गोड लागतो आणि तिसऱ्या फेऱ्याला आटे खातो. निघालेला चांगला बोल्ट आणि पीच गेज, एवढं जवळ असलं की शंका राहत नाही.

आटे गेलेच असतील तर घाबरू नका, हेलीकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) किंवा बुश बसवता येतो आणि तो मूळ आट्यांइतकाच टिकतो.

मोटारसायकलवाले हे वाचून नट वेल्ड करायला धावतील, त्यांच्यासाठी वेगळं सांगतो. ॲल्युमिनियमच्या हेडचा स्वभाव उलटा आहे. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून तिथे हेडच तापवायचं, हीट गनने, पाण्याचा थेंब चर्र करून उडेल इतपत. १२० अंश तापमान वाढलं की ८ एमएमच्या भोकात एक शतांश मिलिमीटरची मोकळीक मिळते. ती पुरते. गॅसचा टॉर्च टाळा. ॲल्युमिनियम लाल न होता थेट वितळतं, डोळ्यांना इशारा मिळत नाही. नट वेल्ड करणं इथे चालतं, उलट वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही हा फायदाच. पण हाताने ड्रिलिंग फार धोक्याचं, कारण ड्रिल कडक बोल्ट सोडून शेजारच्या मऊ धातूत घसरतं. त्याला पक्का बुश हवा, नाहीतर हेड उतरवून मिलिंग मशीनवर न्या.

तुमच्या ट्रॅक्टरकडे परत येतो. बोल्ट निघाला की भोक हवेने साफ करा, तळाशी तेल किंवा चुरा राहू देऊ नका. बंद भोकात तेल साठलं तर बोल्ट तळाला न टेकताच घट्ट लागतो आणि आवळताना बीड फुटू शकतं. तारेने भोकाची खोली मोजा. किमान १५ मिमी आटे धरायला हवेत आणि बोल्ट तळाला टेकायला नको. मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) बघा. ०.२ मिमीपेक्षा जास्त पोकळी असेल तर फेसिंग करून, म्हणजे मशीनवर तोंड सपाट करून घ्या. तसाच बसवला तर नवीन गॅस्केट महिनाभरात फुटेल आणि हाच बोल्ट पुन्हा तुटेल.

सगळे बोल्ट नवीन घाला, ८.८ ग्रेडचे. जुने इतके तापलेत की त्यांच्यावर भरवसा नाही. आट्यांना तांब्याची अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी) पेस्ट लावा. त्या पेस्टमुळे आटे गुळगुळीत फिरतात, म्हणून मॅन्युअलमधल्या टॉर्कपेक्षा साधारण पाव हिस्सा कमी आवळा. सुरुवात मधल्या बोल्टांपासून, मग बाहेर, दोन-तीन टप्प्यांत. टोकाचे बोल्ट शेवटी. टोकाच्या बोल्टाच्या डोक्याखाली जाड वॉशर मूळचा असेल तर तो परत घालायला विसरू नका, मॅनिफोल्डला सरकायला तोच जागा देतो.

इंजिन सुरू करून पहिल्यांदा गॅस्केटच्या कडेने हात न लावता कान द्या, फटफट ऐकू येतेय का बघा. मग एक ट्रॉली जोडून खेप मारा आणि परत आल्यावर पूर्ण थंड होऊ द्या. गॅस्केटवाल्याने परत आवळायला सांगितलं असेल तर थंड इंजिनावरच, त्याच क्रमाने, पाना एकदा फिरवा. पहिल्या आठवड्यात सकाळी तेल बघताना त्या टोकाकडे नजर टाकत जा. काजळीची बारीक काळी रेघ दिसली तर ट्रॅक्टर फडात नेण्याआधी मला फोटो पाठवा.